परसातल्या तळ्याचं पाणी: आधी तपासणी, मग मासे

तासगावच्या एका माती-पाणी तपासणी प्रयोगशाळेत मी काम करते. आमच्याकडं येणाऱ्या बाटल्या बहुतेक द्राक्षवाल्यांच्या. छाटणीच्या हंगामात तर टेबलावर चहाचा कप ठेवायला जागा नसते. पण हल्ली अधूनमधून एखादी बाटली निराळी निघते. "मॅडम, घरामागं छोटं तळं केलंय. कमळं लावायचीत, मासे सोडायचेत. पाणी चालतंय का बघा." यातले बरेच जण मासे आधी सोडतात आणि बाटली नंतर आणतात. तोवर दोन-चार गोल्डफिश गेलेले असतात आणि कुणीतरी 'पीएच कमी करायचं लिक्विड' गळ्यात मारलेलं असतं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. सांगली-मिरज-तासगाव पट्ट्यात तळ्याचा सामू, म्हणजे पीएच, आठच्या आसपास राहणारच. त्याला सातवर आणायच्या नादाला लागू नका. नजर ठेवायची ती अमोनियावर, म्हणजे माशांच्या मलमूत्रातून पाण्यात येणाऱ्या विषावर, आणि बायकार्बोनेटवर, म्हणजे सामू सावरून धरणाऱ्या क्षारावर. नव्या तळ्यात मासे मरतात ते बहुतेक वेळा पहिल्यामुळं, आणि तळं तग धरतं ते दुसऱ्याच्या जोरावर.

पाणी किती आणि कुठलं

औषध असो, मीठ असो, सोडा असो, सगळं लिटरवर ठरतं. त्यामुळं तळ्यात पाणी किती हे अंदाजानं सांगू नका. फुटात लांबी, रुंदी आणि सरासरी खोली मोजा, तिन्हींचा गुणाकार करा, त्याला २८.३ नं गुणा. माझं तळं दहा फूट बाय आठ फूट, खोली सरासरी दोन फूट. म्हणजे साधारण साडेचार हजार लिटर. आकार वेडावाकडा असेल तर गच्चीवरची हजार लिटरची टाकी किती वेळा रिकामी झाली ते मोजा, हिशेब त्याहून सरळ नाही. आकडा भिंतीवर खडूनं लिहून ठेवा, घरातल्या प्रत्येकाला दिसेल असा.

नळाचं पाणी म्हणजे शहरात कृष्णेचं, शुद्ध केलेलं, क्लोरीन घातलेलं. नळाला येणाऱ्या पाण्यात लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावं असं भारतीय मानक सांगतं, आणि पावसाळ्यात नदी गढूळ झाली की मात्रा वाढवतात. माणसाला ते बरंच आहे. माशाचे कल्ले मात्र त्यानं भाजतात, आणि ज्या जंतूंवर पुढं सगळं तळं चालणार आहे तेही मरतात. पाणी उघड्यावर उन्हात, पंप फिरता ठेवून एक-दोन दिवस राहू द्या, क्लोरीन उडून जातं. घाई असेल तर रसायनांच्या दुकानात हायपो मिळतो, सोडियम थायोसल्फेटचे खडे. लिटरला १ मिलिग्रॅम क्लोरीन असेल तर १००० लिटरला ७ ग्रॅम पुरतो. क्लोरीन गेलं की नाही हे बघायला गावात जलसुरक्षक करतात तीच ओटी (ऑर्थोटोलिडिन) टेस्ट: थेंब टाकले आणि पिवळं झालं नाही तर गेलं. टेस्टचं पाणी तळ्यात ओतू नका, ते औषध विषारी आहे.

बोअरच्या पाण्यात क्लोरीन नसतं, म्हणून लोक निर्धास्त असतात. त्याची गंमत वेगळी आहे. जमिनीखालून आलेल्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड भरपूर आणि ऑक्सिजन नावाला असतो. पाइपच्या तोंडाशी सामू मोजला तर ७.२ येतो, तेच पाणी बादलीत रात्रभर बुडबुडे सोडून ठेवलं की सकाळी ८.२. यंत्र बिघडलेलं नाही, वायू उडून गेला एवढंच. तळ्यासाठी खरा आकडा दुसरा. प्रयोगशाळेत मात्र उलट: बाटली त्याच पाण्यानं तीनदा खळबळून, काठोकाठ भरून, हवा न ठेवता झाकण लावून त्याच दिवशी आणा. कोल्ड्रिंकची बाटली न धुता आणू नका. साखरेचा वास आम्हाला टोपण उघडताच येतो.

नदीकाठच्या ऊसपट्ट्यात बोअरच्या पाण्यात नायट्रेटही सापडतं, वर्षानुवर्षं टाकलेल्या युरियाची कृपा. माशांना ते लगेच मारत नाही, पण शेवाळाला आयतं खत मिळतं. आधीच मोजून ठेवलंत तर नंतर तळं हिरवं झाल्यावर उगाच माशांच्या खाण्याला दोष देणार नाही.

आरओवाला दारात येऊन जी टीडीएसची पेन बुडवतो ती घरात असेल तर वापरा, पण तिच्यावर भिस्त ठेवू नका. पाण्यात एकूण क्षार किती ते ती सांगते, कुठले ते नाही. अमोनियानं मासे तडफडत असले तरी तिचा आकडा जागचा हलत नाही.

सिमेंट की कागद

जत, कवठेमहांकाळकडं शेततळ्याला घालतात तो ५०० मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद परसातल्या खड्ड्याला उत्तम. तुकडे शिल्लक असतातच कुणाकडं तरी. धुऊन अंथरला की रसायनाचा प्रश्न मिटला.

सिमेंटचं काम केलं असेल तर मात्र धीर धरा. ताज्या सिमेंटमधून चुना सुटतो आणि सामू अकरा-बारापर्यंत जातो. त्यात मासा काही तास टिकत नाही. तळं भरा, आठवडाभर ठेवा, उपसा, परत भरा. भरल्यानंतर तीन-चार दिवसांनी सामू साडेआठच्या आत राहायला लागला की थांबा. गवंडी केळीचे खुंट टाकायला सांगतात. ते कुजताना आम्ल तयार होतं, त्यामुळं उपयोग होतो. पण नंतर ते पाणी आणि तो गाळ पूर्ण काढावा लागतो, नाहीतर चुना गेला आणि कुजका माल राहिला असं होतं. हे उपसलेलं पाणी झाडांना घालू नका.

किट हाताळताना

पाणी तपासायच्या पट्ट्या स्वस्त आहेत, पण उघड्या डबीत पावसाळ्यात दमट होतात आणि मग काहीही दाखवतात. थेंबांचा किट घ्या. त्यात पाच गोष्टी हव्यात: सामू, अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि बायकार्बोनेट, ज्यावर 'केएच' लिहिलेलं असतं.

केएचची चाचणी मला सगळ्यांत आवडते, कारण आमच्या प्रयोगशाळेतलं टायट्रेशनच ते, फक्त ब्युरेटऐवजी थेंब. नळीत ५ मिली पाणी घ्यायचं. पहिल्या थेंबाला निळं होतं. एकेक थेंब टाकत, दर थेंबाला नळी हलवत जायचं, थेंब मोजत. एका थेंबाला निळं अचानक पिवळं होतं. तिथं थांबा. जितके थेंब, गुणिले १८, लिटरला तितके मिलिग्रॅम, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबानं. आठ थेंब म्हणजे साधारण १४४. बाटली उभी धरा, तिरकी धरली की थेंब लहान-मोठे पडतात. दहा मिली पाणी घेतलंत तर प्रत्येक थेंब अर्धा धरायचा. आकडा जास्त बारकाईनं मिळतो. आमच्यासारख्या प्रयोगशाळेच्या रिपोर्टवर बायकार्बोनेट मिलीइक्विव्हॅलंटमध्ये असेल तर ५० नं गुणा. आमच्या भागातल्या बोअरच्या रिपोर्टवर ५-६ हा आकडा नेहमीचा, म्हणजे २५०-३००. माशांच्या तळ्याला १०० च्या वर असलं की पुरे. म्हणजे ज्याला आपण जड पाणी म्हणून नाकं मुरडतो, ते इथं कामाचं ठरतं.

अमोनियाची नळी पाच मिनिटं ठेवूनच बघायची, दिवसाउजेडी, पांढऱ्या कागदासमोर. ट्यूबलाइटखाली फिकट हिरवं आणि पिवळं सारखंच दिसतं, आणि नेमका तोच फरक महत्त्वाचा असतो. नायट्रेटच्या किटमधल्या एका बाटलीत औषध तळाला बसतं. ती अर्धा मिनिट जोरात हलवली नाही तर आकडा शून्य येतो आणि लोक खूश होतात.

पेनसारखा सामूमीटर द्राक्षवाल्यांच्या घरी असतोच. तो ६.८६ आणि ९.१८ च्या बफरनं, म्हणजे ठरलेल्या सामूच्या द्रावणानं, जुळवून घ्या, आपलं पाणी त्या दोन आकड्यांच्या मध्ये असतं. टोक कोरडं ठेवू नका, आणि डिस्टिल्ड वॉटरमध्येही बुडवून ठेवू नका. त्यासाठी पोटॅशियम क्लोराइडचं द्रावण मिळतं.

आठचा सामू आणि आण्णांचं सायट्रिक

आमच्या शेजारच्या आण्णांची द्राक्षबाग आहे. माझ्या तळ्याचा सामू ८.३ आहे म्हटल्यावर त्यांना राहवेना.

"वहिनी, कशाला एवढा विचार करताय? माझ्याकडं सायट्रिक ॲसिड पडलंय. जीएच्या पाण्याला टाकतो तसं टाकू. घटकेत साडेसहा करून देतो."

"आण्णा, तुमच्या टाकीतलं पाणी तासाभरात घडावर जातंय. माझ्यात मासे राहायचेत वर्षभर."

आण्णांचं त्यांच्या जागी बरोबरच आहे. जीए म्हणजे जिबरेलिक ॲसिड, द्राक्षघडांवर मारायचं संजीवक. त्याच्या द्रावणाला आम्लधर्मी पाणी लागतं आणि तेवढ्यापुरतं ते पुरतं. तळ्यात आम्ल टाकलं की ते आधी बायकार्बोनेट खातं, त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो, सामू खाली येतो. तो वायू रात्रीत उडाला की सामू परत वर. तुम्ही परत आम्ल टाकता. असं करता करता एक दिवस बायकार्बोनेट संपतं, आणि त्या दिवशी सामू खाली येतो तो पाच-साडेपाचपर्यंत, कुठलीही पूर्वसूचना न देता. सायट्रिक असेल तर जंतू ते खाऊन टाकतात आणि खाताना पाण्यातला ऑक्सिजन ओढून घेतात. फॉस्फोरिक किंवा युरिया फॉस्फेट टाकलं तर शेवाळाची दिवाळी. गोल्डफिश, गप्पी, कोई हे सगळे साडेआठपर्यंत मजेत राहतात. त्यांना एका आकड्यावर ठेवण्यापेक्षा रोज हिंदकळू न देणं महत्त्वाचं.

दिवसभरातही सामू हलतो. पहाटे सहाला माझ्या तळ्यात ७.९ असतो, उन्हाळ्यात संध्याकाळी पाचला ८.६. पाण्यातली हिरवळ दिवसा कार्बन डायऑक्साइड ओढते आणि रात्री सोडते, म्हणून. तेव्हा मोजायचं ते रोज एकाच वेळी, आणि आठवड्यातून एकदा दोन्ही वेळी. संध्याकाळी नऊच्या वर जात असेल तर शेवाळ जास्त झालंय. सावली करा, कुमुदिनीची पानं अर्धं पाणी झाकतील इतकी वाढू द्या, माशांचं खाणं निम्मं करा. मोरचूद टाकू नका. तांबं शेवाळाला मारतं, गोगलगायींना मारतं आणि माशांनाही सोडत नाही.

सामू आणि अमोनिया यांचं नातं मात्र पाठ करून ठेवा. किट जो आकडा दाखवतो त्यात दोन रूपं असतात, एक निरुपद्रवी आणि एक विषारी. पाणी २८ अंश असताना सामू ७ असेल तर विषारी भाग शंभरात एकसुद्धा नसतो. ८ ला साडेसहा होतो, ८.५ ला अठरा, ९ ला चाळीसच्या वर. म्हणजे किटवर तोच अर्धा मिलिग्रॅम सकाळी निभावतो आणि दुपारी चार वाजता मासे मारतो. आपल्याकडं सामू खाली आणणं शक्य नाही, म्हणून अमोनियाच शून्यावर ठेवायचा.

विरजण लागेपर्यंत

अमोनिया खाणारे जंतू नव्या पाण्यात नसतात. एक जात अमोनियाचं नायट्राइट करते, दुसरी नायट्राइटचं नायट्रेट. दोन्ही पुरेशा वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. आपल्या उन्हाळ्यात लवकर, डिसेंबरात उशिरा. ओळखीत कुणाचं जुनं, निरोगी फिश टँक असेल तर त्यातल्या फिल्टरचा स्पंज मागून आणा आणि तुमच्या फिल्टरात ठेवा. हे विरजण लागलं की काम निम्म्या वेळात होतं. वाटेत स्पंज कोरडा पडू द्यायचा नाही आणि नळाखाली धुवायचा नाही.

मासे नसताना या जंतूंना खायला काय? शुद्ध अमोनियम क्लोराइड, म्हणजे नवसागर. कल्हईवाल्याकडचा नको, त्यात काय मिसळलंय ते सांगता येत नाही; रसायनांच्या दुकानातला घ्या. १००० लिटरला ६-७ ग्रॅम टाकला की किटवर साधारण २ मिलिग्रॅम दिसतो. पंप चोवीस तास चालू ठेवा. वीज जाते तेव्हा तासाभरात काही बिघडत नाही, अख्खी रात्र गेली तर बिघडतं.

मग वहीत रकाने पाडा आणि एक दिवसाआड मोजा. आधी अमोनिया उतरेल आणि नायट्राइट चढेल, किटचा रंग जांभळा होईल. हा टप्पा कंटाळवाणा असतो आणि इथंच लोक धीर सोडतात. नंतर नायट्राइट उतरतं आणि नायट्रेट दिसायला लागतं. संध्याकाळी २ मिलिग्रॅमइतका नवसागर टाकला आणि दुसऱ्या संध्याकाळी अमोनिया, नायट्राइट दोन्ही शून्य, हे लागोपाठ दोन-तीनदा जमलं की तळं तयार. एक तृतीयांश पाणी बदला आणि मासे आणा, तेही थोडे थोडे.

या सगळ्यात बायकार्बोनेट खर्च होत असतं. एक मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन पचवायला सातच्या वर मिलिग्रॅम लागतं. बोअरच्या पाण्यावर हे जाणवत नाही. साठवलेलं पावसाचं पाणी भरलं असेल तर केएच ८० च्या खाली घसरतं. तेव्हा खायचा सोडा: १००० लिटरला ८४ ग्रॅम टाकला की ५० मिलिग्रॅम वाढतं. बादलीत विरघळवून, निम्मा आज, निम्मा उद्या. धुण्याचा सोडा नको, त्यानं सामू एकदम उडतो. चुना तर नकोच. मत्स्यशेतीवाले चुना सांगतात ते आम्लधर्मी मातीच्या तळ्यांसाठी.

मासे सोडल्यावर नायट्राइट दिसलंच, तर त्यानं माशाचं रक्त तपकिरी पडतं आणि पाण्यात ऑक्सिजन असूनही मासा वर येऊन तोंड उघडझाप करतो. १००० लिटरला १ किलो खडेमीठ विरघळवून घाला, मिठातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यातून आत शिरू देत नाही. खाणं बंद करा, पाणी बदला. मीठ उडून जात नाही, हे लक्षात ठेवून दुसऱ्यांदा घालताना हात आखडता घ्या.

एप्रिल, फॉगिंग आणि पाऊस

एप्रिल-मेमध्ये तळ्याचं पाणी रोज अर्धा-पाऊण सेंटिमीटर आटतं. आटतं ते पाणी, क्षार जागेवरच. वरून बोअरचं पाणी घालत राहिलात की टीडीएस चढत जातो. इथं ती पेन उपयोगी. म्हणून आठवड्याला आधी दहा-पंधरा टक्के पाणी काढा, झाडांना घाला, मग भरा. पेरूला त्याहून चांगलं पाणी नाही. गरम पाण्यात ऑक्सिजनही कमी मावतो: २० अंशाला ९ मिलिग्रॅम, ३० ला साडेसात. मासे पहाटे वर येऊन धापा टाकत असतील तर अमोनिया मोजायच्या आधी पंप तपासा.

तळ्यात गप्पी असतील तर डासांच्या अळ्या राहत नाहीत. तपासायला येणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्यांना ते दाखवा. फॉगिंगची गाडी गल्लीत आली की मात्र धावा, तळ्यावर ताडपत्री टाका. धुरात बहुधा पायरेथ्रॉइड जातीचं कीटकनाशक असतं. घरातले डास-झुरळांचे स्प्रेही बहुतेक त्याच जातीचे. माशांना ते अगदी थोडंही पुरतं. बागेजवळ घर असेल तर फवारणीचा वारा कुठून येतो ते बघून तळ्याची जागा ठरवा, आणि फवारणीचा पंप तळ्याच्या पाण्यानं धुऊ देऊ नका, पाहुणा असला तरी.

जुलैत कृष्णेचं पाणी तांबडं येतं आणि घरोघरी तुरटी फिरते. पिंपात ती ठीक. तळ्यात तुरटी बायकार्बोनेट खाते, आणि मासे असताना गढूळपणापेक्षा तो तोटा मोठा. दोन-चार दिवस पाणी घालू नका, गाळ बसू द्या. पागोळ्यांचं पाणी तळ्यात पडत असेल तर पन्हळ वळवा. मुसळधार पावसानंतर केएच मोजा.

सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेला, महाबळेश्वर, जावळी, पाटणच्या डोंगराकडं हे सगळं उलटं होतं. महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, जांभ्यातून झिरपलेलं मऊ पाणी, केएच एक-दोन थेंबांत पिवळं. तिथं तळं करणाऱ्यांनी सामू रोज पहाटे बघावा आणि फिल्टरच्या तोंडाशी शिंपल्यांची जाळीची पिशवी ठेवावी. पाणी आम्लाकडं झुकलं की शिंपले आपोआप विरघळतात, झुकलं नाही तर नुसते पडून राहतात. त्यामुळं प्रमाण चुकायची भीती नाही. आमच्याकडं मात्र ती पिशवी शोभेलाच. पावसाळा लागायच्या आधी शिंपले बाहेर काढून ब्रशनं घासून घ्या, शेवाळाचा थर बसला की ते विरघळायचे थांबतात.